नॉटिंगहॅमला न झालेली पुनर्लढत

प्रश्न : मंगळवार पेठ

मी मूळचा कोल्हापूरचा. गेली दोन वर्षे नोकरीच्या निमित्ताने इंग्लंडच्या नैऋत्येकडील एक्झिटर या गावात राहतो आणि ज्या गावात राहायचे त्या गावाचा संघ आपला मानायचा, या पेठेतल्या शिस्तीला धरून एक्झिटर सिटीचे सामने पाहतो. ११ फेब्रुवारी २०२५ रोजी, मंगळवारी रात्री, एफए कपच्या (इंग्लंडमधल्या लहानमोठ्या क्लबांच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेच्या) चौथ्या फेरीत नॉटिंगहॅम फॉरेस्टचा संघ आमच्या सेंट जेम्स पार्कवर आला होता. ते प्रीमियर लीगमध्ये वरच्या क्रमांकांवर, तर आम्ही त्यांच्याखाली दोन पायऱ्या, लीग वनमध्ये. जॉश मॅगेनिसने पाचव्याच मिनिटाला गोल केला, मग फॉरेस्टने दोन गोल करून आघाडी घेतली, मध्यंतरानंतर पुन्हा मॅगेनिसनेच बरोबरी साधली, अखेरच्या टप्प्यात आमचा एक खेळाडू लाल कार्डावर बाहेर गेला आणि तरीही नव्वद मिनिटे संपली तेव्हा फलकावर २-२ होते. जादा वेळेत गोल झाला नाही. पेनल्टींवर आम्ही ४-२ असे हरलो.

माझा प्रश्न त्या नव्वदाव्या मिनिटानंतरच्या शिट्टीबद्दल आहे. बिग बँक नावाच्या उभ्याने सामना पाहण्याच्या गॅलरीत माझ्या शेजारी नेहमी एक निवृत्त गृहस्थ असतात. सगळे टाळ्या वाजवत होते तेव्हा हे मात्र थर्मासचे झाकण फिरवत शांत उभे होते. मी विचारले तर म्हणाले, पूर्वीचा नियम असता तर या क्षणाला मी नॉटिंगहॅमच्या बसचा विचार करत असतो. (पूर्वी या स्पर्धेत बरोबरी झाली की तोच सामना काही दिवसांनी दुसऱ्या संघाच्या मैदानावर पुन्हा खेळत, म्हणजे पुनर्लढत होई; २०२४-२५ पासून ती बंद झाली.) नंतर आम्ही पेनल्टींवर हरलो त्याचे त्यांना जेवढे वाईट वाटले, त्याहून या न झालेल्या प्रवासाचे अधिक वाटले, असे मला दिसले.

हे मला नीट कळलेले नाही. आमच्याकडे पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ यांचा सामना असला तर दोन्हीकडचे लोक आपापल्या पेठेतून चालत शाहू स्टेडियमवर जातात, बरोबरी झाली तर त्याच संध्याकाळी टायब्रेकर होतो आणि रात्री जेवायच्या आत निकाल गल्लीत पोचलेला असतो. परगावी जाऊन तोच सामना पुन्हा खेळायचा, ही कल्पनाच आमच्या फुटबॉलमध्ये नाही. शिवाय लहान क्लबाच्या दृष्टीने पाहिले तर आपल्या मैदानावर, आपल्या लोकांसमोर पेनल्टी मारणे ही जिंकण्याची त्यातल्या त्यात चांगली संधी नव्हे काय? नॉटिंगहॅमच्या सिटी ग्राउंडवर तीस हजार लोकांसमोर आम्ही हरण्याचीच शक्यता जास्त होती. मग कामाच्या दिवशी रजा टाकून, पदरचे पैसे खर्चून, बहुधा हरण्यासाठीच केलेल्या प्रवासाची एवढी ओढ कशासाठी? ज्यांनी असा प्रवास केला आहे त्यांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद : कृष्णाकाठ

तुमचे शेजारी ते मी नव्हे. पण त्यांच्या मनात काय चालले होते ते मी बरेचसे ओळखू शकतो, कारण मीही २०१६ च्या जानेवारीत अशाच एका बसमध्ये होतो. मी सांगलीचा, त्या वेळी एक्झिटरच्या एका रुग्णालयात प्रयोगशाळेत काम करीत असे.

८ जानेवारी २०१६, शुक्रवारची रात्र. तिसऱ्या फेरीत लिव्हरपूल आमच्याकडे आले होते. त्यांचे व्यवस्थापक क्लॉप यांना तिथे येऊन जेमतेम तीन महिने झाले होते आणि दुखापतींची यादी लांब असल्यामुळे त्यांनी पोरसवदा संघ उतरवला होता. टॉम निकोल्सने सुरुवातीलाच गोल केला, त्यांच्या सिंक्लेअरने लगेच फेडला, आणि मध्यंतराच्या तोंडावर ली होम्सने मारलेला कॉर्नर कोणालाही न लागता थेट जाळ्यात गेला. आम्ही २-१ ने पुढे. ती आघाडी ७३ व्या मिनिटापर्यंत टिकली आणि मग ब्रॅड स्मिथने बरोबरी केली. इथे एक गोष्ट मी डोळ्यांनी पाहिलेली सांगतो. त्या गोलानंतर बिग बँकवर अगदी थोडा वेळ, दोन श्वासांएवढा, शुकशुकाट होता, आणि मग पुढच्या रांगेतून मागच्या रांगेकडे एकच शब्द सरकत आला : ॲनफिल्ड, म्हणजे लिव्हरपूलचे मैदान. ज्या गोलाने आमचा विजय नेला, त्यानेच आमचा प्रवास आणून दिला होता. शेवटची पंधरा-सतरा मिनिटे लोक बरोबरी टिकवण्यासाठी जितके ओरडले, तितके विजयी गोलासाठी ओरडले की नाही, याची मला अजून शंका आहे.

पुनर्लढतीचा नियम साधा होता. पहिला सामना ज्याच्या घरी, दुसरा त्याच्या प्रतिस्पर्ध्याच्या घरी. तारीख ठरली २० जानेवारी, बुधवार. म्हणजे मध्ये बारा दिवस. पेनल्टींचा निकाल पाच मिनिटांत लागतो. पुनर्लढतीत मात्र निकाल लागलेला नसतो आणि त्या न लागलेल्या निकालात अख्खे गाव बारा दिवस राहते, हे तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आहे. सामन्यानंतरच्या सोमवारी पुढच्या फेरीची सोडत निघाली. त्यात आमचे नाव असे उच्चारले गेले : एक्झिटर सिटी किंवा लिव्हरपूल विरुद्ध वेस्ट हॅम. त्या ‘किंवा’च्या एका बाजूला पाच वेळा युरोपचा कप जिंकलेला क्लब आणि दुसऱ्या बाजूला चौथ्या पायरीवरचे आम्ही. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत रक्ताच्या नळ्या लावता लावता माझा वरिष्ठ मला गंभीरपणे विचारत होता की, वेस्ट हॅमचा सामना रविवारी ठेवला तर आपली पाळी कशी बसवायची. तो थट्टा करत नव्हता.

मग खरी धावपळ. एफए कपच्या सामन्यात पाहुण्या क्लबाला मैदानाच्या आसनसंख्येच्या १५ टक्क्यांपर्यंत तिकिटे मागता येतात, जे लीगच्या सामन्यापेक्षा बरेच अधिक आहे. त्यामुळे एरवी परगावी पाच-सहाशे लोक नेणारा क्लब अशा वेळी हजारोंनी लोक नेऊ शकतो. मोसमाचे तिकीट असणारे आधी, मग सभासद, मग उरलेले, अशी क्रमवारी बहुतेक ठिकाणी असते. मी समर्थकांच्या ट्रस्टचा सभासद होतो (२००३ पासून क्लब ट्रस्टच्याच मालकीचा आहे), म्हणून तिकीट मिळाले. रात्रपाळी एका केरळी सहकाऱ्याबरोबर बदलून घेतली. मोबदल्यात मी त्याच्या ईस्टरच्या दोन पाळ्या केल्या. महागात पडले, पण तक्रार नाही.

एक्झिटरहून लिव्हरपूल सुमारे पावणेचारशे किलोमीटर आहे. एम ५ ने बर्मिंगहॅमपर्यंत, पुढे एम ६. आठच्या सामन्यासाठी बस दुपारी बाराला निघाली. फुटबॉलच्या सामन्याला नेणाऱ्या बसमध्ये दारू नेता येत नाही. १९८५ चा कायदाच तसा आहे. त्यामुळे बसमध्ये काय होते म्हणाल तर चहा, डेव्हन आणि कॉर्नवॉलमधले ते जाड कडेचे मांस-बटाट्याचे पॅस्टी, आणि वर्तमानपत्रे. माझ्या डब्यात मेथीचे ठेपले होते. पलीकडच्या बाकावरच्या आजींनी त्यातला एक खाऊन दुसरा पिशवीत ठेवला, परतीच्या वाटेला होईल म्हणून. त्या १९८१ मध्येही गेल्या होत्या. त्या वर्षी एक्झिटरने लेस्टरशी त्यांच्या घरी १-१ बरोबरी करून आपल्या घरी ३-१ असे हरवले, मग न्यूकॅसलशी त्यांच्या घरी १-१ करून आपल्या घरी ४-० असे हरवले आणि शेवटी उपउपांत्य फेरीत टॉटनहॅमकडे हरले. न्यूकॅसलच्या मैदानाचे नावही सेंट जेम्स पार्कच. आजींच्या म्हणण्याप्रमाणे, त्या आठवड्यात कुठल्या पार्कात सामना आहे हे घरच्यांना समजावून सांगण्यातच अर्धा वेळ गेला.

ॲनफिल्डला पोचलो तेव्हा अंधार पडलेला होता. नव्या मुख्य स्टँडचे बांधकाम चालू होते. जुन्या छपराच्या मागे लोखंडी सांगाडा आणि क्रेनचे दिवे दिसत होते. दहाव्या मिनिटाला जो ॲलनने गोल केला. त्यानंतर ७४ व्या मिनिटाला शेयी ओजोचा दुसरा गोल होईपर्यंत पूर्ण ६४ मिनिटे फरक एकाच गोलाचा होता. कृपया हा आकडा नुसता वाचून पुढे जाऊ नका. ६४ मिनिटे आम्ही एका गोलाने मागे होतो, म्हणजे ६४ मिनिटे एखादा ली होम्स, एखादा कॉर्नर, एखादी वाऱ्याची झुळूक पुरेशी होती. माझ्या पुढच्या रांगेतला एक मुलगा प्रत्येक कॉर्नरला हातमोजे काढायचा आणि कॉर्नर वाया गेला की पुन्हा घालायचा. दुसरा गोल झाला तेव्हा त्याने ते घातले आणि मग काढले नाहीत. ८२ व्या मिनिटाला टेशेराने तिसरा गोल केला. ३-०.

आणि मग आमच्या कोपऱ्यातला आवाज वाढला. हे मी रंगवून सांगत नाही. हरलेल्या लोकांना गाण्याशिवाय दुसरे काम उरत नाही, हे त्याचे साधे कारण आहे. शिट्टीनंतर यजमानांच्या स्टँडमधूनही टाळ्या आल्या. पहाटे साडेतीनच्या सुमारास एक्झिटरला उतरलो. आठला कामावर हजर होतो आणि त्या दिवशी मी कोणाच्याही रक्ताचा अहवाल दोनदा तपासल्याशिवाय पाठवला नाही.

प्रतिसाद : हिशेबनीस

कृष्णाकाठ यांनी मनाची बाजू सांगितली. मी पैशाची सांगतो, कारण तुमच्या शेजाऱ्यांच्या शांततेत तीही असणार.

इंग्लंडच्या लीगमध्ये १९८३ पासून सामन्याच्या तिकिटांचे सगळे उत्पन्न यजमान क्लब ठेवतो. एफए कपमध्ये तसे नव्हते. कृष्णाकाठ गेले त्या काळच्या नियमाप्रमाणे खर्च वजा जाता उरलेल्या रकमेतले ४५ टक्के यजमानाला, ४५ टक्के पाहुण्याला आणि १० टक्के स्पर्धेच्या सामाईक निधीला जात. म्हणजे आठ-नऊ हजारांचे मैदान असलेला क्लब पंचेचाळीस हजारांच्या मैदानावर एक संध्याकाळ पाहुणा म्हणून गेला की त्या गर्दीचा जवळपास निम्मा वाटा घेऊन परत येई. एक्झिटरच्याच बाबतीत याचे ठळक उदाहरण २००५ चे आहे. क्लब तेव्हा मुख्य लीगच्याही खाली, पाचव्या पायरीवर होता आणि जुन्या कर्जाखाली दबलेला होता. ८ जानेवारीला मँचेस्टर युनायटेडशी त्यांच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर ०-० अशी बरोबरी झाली. १९ तारखेला पुनर्लढत एक्झिटरला झाली आणि रोनाल्डो व रूनी यांच्या गोलांनी युनायटेड २-० ने जिंकले. हरूनही त्या दोन सामन्यांच्या पैशाने क्लबाला कर्जातून वर काढले. तिथे पुनर्लढत घरी होती, २०१६ मध्ये परगावी; क्रम बदलला तरी मोठ्या मैदानाची एक फेरी क्लबाच्या वाट्याला आलीच.

आता नियम कसे आकसत गेले तेही पाहा. एके काळी निकाल लागेपर्यंत पुन्हा पुन्हा खेळत असत. १९७१ मध्ये पात्रता फेरीत अल्वचर्च आणि ऑक्सफर्ड सिटी यांचा निकाल लागायला सहा सामने आणि एकूण ११ तासांचा खेळ लागला. पूर्वी पुनर्लढत तीन-चार दिवसांत होई. पुढे पोलिसांनी बंदोबस्तासाठी सुमारे दहा दिवसांची पूर्वसूचना मागितल्यामुळे वारंवार पुनर्लढती घेणे वेळापत्रकात बसेना, आणि १९९१-९२ पासून एकच पुनर्लढत व नंतर पेनल्टी असे ठरले. त्याच्या आदल्याच मोसमात, २० फेब्रुवारी १९९१ रोजी, एव्हर्टन आणि लिव्हरपूल यांची पाचव्या फेरीची पुनर्लढत ४-४ अशी सुटली, दोन दिवसांनी डाल्ग्लिश यांनी लिव्हरपूलचे व्यवस्थापकपद सोडले आणि तिसरा सामना एव्हर्टनने १-० असा जिंकला. उपांत्य फेरीतली शेवटची पुनर्लढत १९९९ ची, व्हिला पार्कवरची, मँचेस्टर युनायटेडच्या गिग्जच्या गोलाची. २०१८-१९ पासून पाचव्या फेरीतली पुनर्लढत गेली. एप्रिल २०२४ मध्ये जाहीर झाले की २०२४-२५ पासून मुख्य स्पर्धेच्या पहिल्या फेरीपासूनच पुनर्लढती बंद. युरोपच्या स्पर्धांचे सामने वाढले होते आणि मोठ्या क्लबांना जानेवारीत जागा हवी होती. खालच्या लीगच्या क्लबांनी आपल्याला विचारले गेले नाही म्हणून जाहीर निषेध केला, निर्णय मात्र फिरला नाही. तुम्ही जो सामना पाहिलात तो त्या नव्या नियमाच्या पहिल्याच मोसमातला.

तरीही एक गोष्ट स्पष्ट लिहितो, येथे गहिवर जास्त होऊ लागला आहे म्हणून. पुनर्लढतीचा पैसा हा नशिबाचा पैसा होता. ज्याला सोडतीत मोठा क्लब मिळाला आणि बरोबरी साधता आली त्याला मिळे. शेजारच्या गावचा तितकाच गरीब क्लब तितक्याच गरीब क्लबाशी बरोबरी करून दोन हजार लोकांसमोर पुन्हा खेळे आणि बंदोबस्ताचा व दिव्यांचा खर्च जाता हाती फारसे काही उरत नसे. लॉटरीवर घर चालवू नये, असे माझे वडील म्हणत. अर्थात लॉटरी बंद करून त्याऐवजी पगार वाढवला का, हा प्रश्न विचारायला हरकत नाही.

प्रतिसाद : डेक्कन ते डॉकलँड्स

मी लिव्हरपूलचा समर्थक, पुण्यापासूनचा, सध्या लंडनला. त्यामुळे २० जानेवारी २०१६ ला मी कृष्णाकाठ यांच्या विरुद्ध बाजूला होतो, फक्त दूरदर्शन संचासमोर. पण त्यांच्या कथेची पुढची पायरी मी प्रत्यक्ष चढलो आहे, ती सांगतो. कारण मोठ्या क्लबाच्या माणसालाही परगावची पुनर्लढत भोगावी लागते, हे येथे कोणी म्हटलेले नाही.

ते ‘किंवा’ सुटल्यानंतर ३० जानेवारीला ॲनफिल्डवर लिव्हरपूल आणि वेस्ट हॅम यांची ०-० बरोबरी झाली. म्हणून ९ फेब्रुवारीला, मंगळवारी, अप्टन पार्कला पुनर्लढत. वेस्ट हॅम त्या मोसमानंतर ते मैदान कायमचे सोडणार होते, म्हणून लंडनमधल्या आम्हा काही जणांना तिथे एकदा जायचेच होते. त्याच आठवड्यात आमच्या क्लबात तिकिटांवरून मोठा वाद पेटला होता. शनिवारी, ६ फेब्रुवारीला, ७७ पौंडांच्या प्रस्तावित तिकिटाच्या निषेधार्थ हजारो लोक सामन्याच्या ७७ व्या मिनिटाला ॲनफिल्डमधून उठून बाहेर गेले होते. त्यामुळे मंगळवारी आमच्या बाजूच्या गर्दीत फुटबॉलपेक्षा पैशाचीच चर्चा अधिक होती. मध्यंतरात चहाच्या रांगेत दोन अनोळखी माणसे मला आपापल्या मोसमी तिकिटाचा गेल्या वीस वर्षांचा भाव सांगत होती. बुधवारी मालकांनी माघार घेतली.

सामना म्हणाल तर वेस्ट हॅमने मध्यंतराच्या आधी गोल केला, कुटिन्योने फ्री किक उडी मारणाऱ्या भिंतीच्या पायाखालून जमिनीलगत घालून बरोबरी केली, आणि जादा वेळेच्याही शेवटी, आम्ही पेनल्टींची मानसिक तयारी केली असताना, ओग्बोनाने डोक्याने गोल केला. त्या गोलाच्या वेळी आमच्या कोपऱ्यात जी शांतता पसरली तशी मी पुन्हा अनुभवलेली नाही. स्थानकाकडे जाणाऱ्या रस्त्यावर रांग इतकी लांब होती की दुकानांच्या पायऱ्यांवर बसत बसत आम्ही पुढे सरकत होतो, आणि सगळी रांग वेस्ट हॅमची.

धागाकर्त्यांना एवढेच सांगतो की मला त्या रात्रीची ओढ वाटत नाही. पण विसरलोही नाही. त्या मोसमातले लीगचे कितीतरी सामने मी विसरलो आहे.

प्रतिसाद : दोन मुलांची आई

वरचे सगळे वाचले आणि एक गोष्ट खटकली, ती लिहिल्याशिवाय राहवत नाही. दुपारी बाराला निघून पहाटे साडेतीनला परतणारी बस कोणासाठी असते? ज्याला पाळी बदलून मिळते त्याच्यासाठी, ज्याच्या घरी मुले झोपवायला दुसरे कोणीतरी आहे त्याच्यासाठी. मी इंग्लंडच्याच मध्यभागातल्या एका लहान क्लबाची समर्थक आहे (नाव सांगत नाही, येथे आमचे शेजारी आहेत). माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. घरच्या मैदानावर कपचा सामना बरोबरीत गेला तर पूर्वी मला त्याला सांगावे लागले असते की निकाल दहा दिवसांनी दोनशे किलोमीटर दूर लागेल, तेव्हा तू झोपलेला असशील आणि सकाळी मी तुला सांगेन. आता तो शेवटपर्यंत पाहतो. गेल्या मोसमात आमच्या गोलरक्षकाने पेनल्टी अडवली तेव्हा तो माझ्या खांद्यावर होता आणि त्याने माझे केस इतके जोरात ओढले की डोळ्यांत पाणी आले.

प्रवासाची मजा मी नाकारत नाही. पण ‘खऱ्या समर्थकांची परीक्षा’ असे काही जण म्हणतात तेव्हा त्या परीक्षेला बसू न शकलेले सगळे नापास ठरतात. ते मला मान्य नाही.

प्रतिसाद : कृष्णाकाठ

ताई, मी परीक्षा असा शब्द वापरला नव्हता, पण तुमचा मुद्दा योग्य आहे आणि मला लागलाही आहे. माझी पाळी ज्याने घेतली तो केरळी सहकारी स्वतः फुटबॉलवेडा होता आणि त्यालाही यायचे होते. त्याची बायको त्या महिन्यात बाळंत होणार होती. सामना चालू असताना मी त्याला संदेश पाठवत होतो आणि तो उत्तरादाखल फक्त मिनिट किती झाले तेवढे विचारत होता. त्याच्याबद्दल वर एक वाक्य जास्त लिहायला हवे होते.

धागाकर्त्यांच्या मूळ शंकेवर मात्र अजून ठाम आहे. घरी पेनल्टी मारणे ही जिंकण्याची बरी संधी आहे, हे तुमचे गणित बरोबर आहे. पुनर्लढतीत लहान क्लब बहुतेक वेळा हरत असे, हेही खरे. १९८१ सारखी वर्षे क्वचितच येत, आणि तेव्हाही दुसरे सामने घरी होते. पण समर्थक जिंकण्याच्या शक्यतेकडे जातो असे गृहीत धरून तुम्ही हिशेब मांडला आहे. कोल्हापुरात तुम्ही शाहू स्टेडियमवर फक्त जिंकणार असलेल्या सामन्यांना जात होता काय?

प्रतिसाद : हिशेबनीस

एक पुरवणी. शेजाऱ्यांना नॉटिंगहॅमची बस किती भरली असती हे विचारून पाहा. सिटी ग्राउंडवर १५ टक्क्यांच्या हिशेबाने साधारण साडेचार हजार तिकिटे झाली असती. तुमच्या सेंट जेम्स पार्कच्या निम्म्याहून अधिक मैदान उठून गेले असते म्हणा ना.

प्रतिसाद : मंगळवार पेठ

सर्वांचे आभार. कृष्णाकाठ यांच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे, हे येथे लिहिताना थोडे ओशाळल्यासारखे वाटते, कारण आमच्या पेठेने हरलेल्या सामन्यांनाही मी भर उन्हात तिकिटाच्या रांगेत उभा होतो. दोन मुलांच्या आईंचे म्हणणेही पटले. माझी मुलगी सहा वर्षांची आहे आणि त्या रात्री पेनल्टी मारल्या जात असताना ती पायांच्या बोटांवर उभी राहून मोजत होती. नव्या नियमाने तिला शेवट दिला आणि माझ्या शेजाऱ्यांकडून काहीतरी घेतले. या दोन्ही गोष्टी एकाच शिट्टीवर झाल्या.

शनिवारी घरचा सामना होता तेव्हा हा धागा मी त्यांना थोडा थोडा इंग्रजीत सांगितला. ॲनफिल्डच्या बसचे ऐकताच त्यांनी मध्येच अडवले. तेही २०१६ ला गेले होते, दुसऱ्या बसने. ६४ मिनिटांचा आकडा त्यांना ठाऊक नव्हता. त्यांनी तो बोटांवर पुन्हा मोजला, बरोबर आहे असे म्हणाले, आणि बराच वेळ मैदानाकडे पाहत राहिले. साडेचार हजारांचे ऐकून मात्र ते हसले. तीन हजार आठशे गेले असते, असे त्यांचे मत पडले. मंगळवारी रात्री सातशे लोकांना बायका सोडत नाहीत. (ताई, हे त्यांचे शब्द आहेत, माझे नव्हेत. शिवाय त्यांच्या पलीकडे त्यांची पत्नी उभी होती आणि ती म्हणाली की तू जा, मी तर जाणारच होते.)

मग मी विचारले की पुनर्लढत नाही तर नाही, लीगच्या परगावच्या सामन्याला मला आणि मुलीला बसने यायचे झाले तर कसे करावे. त्यांनी तपशिलात सांगितले. आधी शनिवारचा, दुपारी तीनचा, दोन-अडीच तासांच्या अंतरावरचा सामना निवडा. डबा न्या, कारण महामार्गावरच्या थांब्यावर खिसा रिकामा होतो. आणि बसमध्ये चढताना चालकाच्या मागची चौथी रांग धरा, डावीकडची. पुढे थंडी लागते, मागे गाणी म्हणणारे बसतात आणि मुलीला परतताना झोप येईल. ती रांग अडलेली असली तर माझे नाव सांगा, असेही म्हणाले. दोन वर्षे शेजारी उभे राहून मी त्यांना नाव विचारले नव्हते, ते त्या वेळी विचारले.